स्वमग्न मुलाला निवासी केंद्रात एकटे ठेवावे का?

लातूर जिल्ह्यातील एका दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, निदान झाले. तो मोजकेच शब्द बोलतो, मनाविरुद्ध काही घडले की स्वतःचा हात चावतो आणि रात्री दोन-तीनदा उठून बसतो. त्याच्या पाठीवर तीन वर्षांची बहीण आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वडिलांचे दुकान आहे आणि घरात आजी आहे. दूरच्या एका शहरातील निवासी केंद्राने मुलाला वर्षभर ठेवून घेण्याची तयारी दाखवली आहे. पहिले तीन महिने आईवडिलांनी भेटायला येऊ नये, म्हणजे मूल लवकर रुळेल, आणि वर्षअखेरीस ते ‘नॉर्मल’ होऊन घरी येईल, असे केंद्राचे म्हणणे आहे. पाठवावे का, आणि नसेल तर निवासी उपचारांचा दुसरा कोणता मार्ग आहे, असे त्यांनी विचारले आहे.

या अटींवर मुलाला पाठवू नका, असे मी सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. मात्र निवासी उपचारांची कल्पनाच मनातून काढून टाकू नका. मुलाबरोबर आई किंवा वडील, शक्य तर दोघेही आलटून पालटून, राहू शकतील आणि काही आठवड्यांनी सगळे मिळून घरी परततील अशी सोय शोधा. लहान स्वमग्न मुलासाठी निवासी उपचारांना अर्थ येतो तो त्याचे घरचे माणूस शिकून परत जाते म्हणून. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून कुटुंबासह राहणाऱ्या मुलांच्या विभागात अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे हे मत अधिकच पक्के झाले आहे, आणि त्यामागची कारणे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण वर्षभराच्या त्या प्रस्तावाला ‘हो’ म्हणण्याचा मोह थकलेल्या आईवडिलांना का होतो हे मी जवळून पाहिलेले आहे.

प्रथम एक गोंधळ दूर करायला हवा. ‘निवासी केंद्र’ या एकाच पाटीखाली आपल्याकडे अगदी वेगवेगळ्या गोष्टी चालतात. काही ठिकाणी मूल आणि पालक काही आठवडे एकत्र राहून प्रशिक्षण घेतात. काही ठिकाणी विशेष मुलांची निवासी शाळा असते आणि तेथे मूल वर्षानुवर्षे वसतिगृहात राहते. मनोरुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील बालमनोविकार विभागात, मुलाने स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा करणे थांबत नसेल तेव्हा, थोड्या काळासाठी दाखल करून घेतात. आणि चौथा प्रकार प्रौढांच्या निवासाचा आहे. बदलापूरचे ‘आधार’ हे पालकांनीच उभे केलेले असे निवासस्थान मराठी पालकांना परिचित आहे आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजनाही प्रौढांसाठीच आहे. आमच्या माघारी याचे कसे होईल, या प्रश्नाशी त्या चौथ्या प्रकाराचा संबंध आहे. सात वर्षांच्या मुलाच्या उपचारांशी नाही. तुम्हाला आलेला प्रस्ताव दुसऱ्या प्रकारचा आहे, पण तो पहिल्या प्रकाराच्या भाषेत मांडला गेला आहे, असे मला वाटते.

मुलाला आईवडिलांपासून तोडणे हाच उपचार, असे मानणारा एक काळ खरोखर होऊन गेला. शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलचे ब्रुनो बेटलहाइम १९४४ ते १९७३ या काळात संचालक होते, आणि आईच्या भावनिक थंडपणामुळे मूल स्वतःच्या कोशात जाते, म्हणून त्याला त्या घरातून बाहेर काढले पाहिजे, हा विचार त्यांनी जगभर पोहोचवला. त्याला आधार नव्हता. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, १९६४ मध्ये स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असल्याचे मांडून त्या विचाराला आव्हान दिले. शिकागोतच शिकलेल्या एरिक शॉपलर यांनी पुढे नॉर्थ कॅरोलायनात नेमकी उलटी वाट धरली. पालक हे सहचिकित्सक आहेत, या तत्त्वावर त्यांनी रॉबर्ट राइक्लर यांच्यासह उभारलेला ‘टीच’ हा कार्यक्रम १९७२ मध्ये त्या राज्याने अधिकृतपणे सर्वत्र लागू केला. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, ‘आई लाड करते म्हणून मूल असे झाले, आमच्याकडे ठेवा, सरळ होईल’ हे वाक्य आजही आपल्या गावोगावच्या आयांना ऐकावे लागते. ते वाक्य बोलणाऱ्याला माहीत असो वा नसो, तो अर्ध्या शतकापूर्वी मोडीत निघालेली कल्पनाच बोलत असतो. ताई, तुमच्या वागण्यामुळे तुमच्या मुलाला ऑटिझम झालेला नाही.

दुसरा पुरावा अधिक थेट आहे. कॅलिफोर्नियातील इवार लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये वीस स्वमग्न मुलांवरील वर्तनोपचारांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. उपचार चालू असताना मुले शिकत होती. नंतर मात्र दोन वेगळ्या कहाण्या झाल्या. ज्या मुलांच्या पालकांना तंत्र शिकवले होते ती मुले पुढेही प्रगती करत राहिली किंवा त्यांनी मिळवलेले टिकवले, आणि जी मुले संस्थांमध्ये परत गेली त्यांनी मिळवलेले बरेचसे गमावले. त्या काळच्या त्या उपचारांत शिक्षेचाही वापर होत असे, आणि त्याचे समर्थन मी कधीही करणार नाही. पण या निष्कर्षाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

असे का होते हे रोजच्या कामात दिसते. स्वमग्न मूल एखादी गोष्ट ज्या जागी, ज्या माणसाकडून, ज्या वस्तूसह शिकते, त्या सर्व तपशिलांना ती गोष्ट चिकटून राहते. केंद्रातील ताईंनी निळा पेला पुढे धरला की ‘पाणी’ म्हणणारे मूल घरी माठासमोर उभे राहून रडते, कारण तेथे ताईही नाहीत आणि निळा पेलाही नाही. घरचे माणूस, घरची भाषा, घरची भांडी आणि घरचे शौचालय यांच्यासह पुन्हा शिकवल्याखेरीज केंद्रात मिळवलेले कौशल्य घरी पोहोचत नाही. वर्षभर मुलाला एकटे ठेवले तर वर्षाच्या शेवटी तुमच्या हाती जे मूल येईल त्याच्याशी कसे वागायचे हे तुम्हाला आज जितके माहीत आहे त्याहूनही कमी माहीत असेल.

कुटुंबाला बरोबर ठेवण्याची परंपरा भारताला परकी नाही, आणि मला याचा मनापासून अभिमान वाटतो. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात जागा अपुरी असताना डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना तेथे राहायला बोलावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही नातेवाइकाने रुग्णाबरोबर राहण्याची पद्धत रुजली. त्याच संस्थेच्या ‘नंबिक्कै निलयम’ या बालविभागात बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेली मुले पालकांसह काही आठवडे राहतात. तेथील डॉक्टरांनी १९९९ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांवरील एक नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. त्यात दहा आठवडे परस्पर चर्चेतून शिकलेल्या पालकांच्या दृष्टिकोनात, नुसती व्याख्याने ऐकलेल्या पालकांपेक्षा, अधिक सुधारणा दिसली.

दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ पासून काम करते. तिची स्थापना एका स्वमग्न मुलाच्या आईने, मेरी बरुआ यांनी, केली. तेथील तीन महिन्यांच्या पालक-बालक प्रशिक्षणासाठी देशभरातून कुटुंबे येतात. त्या प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर चाळीस जोडप्यांशी बोलून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पालकांनी स्वतःमध्ये झालेल्या बदलांविषयी भरभरून सांगितल्याचे दिसते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेतही बाहेरगावच्या कुटुंबांना थोडे दिवस राहून शिकता यावे यासाठी कुटुंब-निवासाची सोय आहे, आणि लातूरहून सिकंदराबाद दिल्लीपेक्षा पुष्कळ जवळ आहे. कोठेही जाण्यापूर्वी त्या संस्थेकडून सध्याचा कालावधी, शुल्क आणि प्रतीक्षायादी लेखी मागवून घ्या.

अशा कार्यक्रमात प्रत्यक्ष काय घडते ते आता सांगते, कारण त्यावरूनच चांगली जागा ओळखता येते. पहिला आठवडा बहुतांशी निरीक्षणाचा असतो. मूल काय बोलते यापेक्षा त्याला काय हवे आहे हे ते कसे कळवते, हे पाहिले जाते. भारतात मोजमापासाठी साधारणपणे ‘इसा’ (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस बाबी असतात, ४० ते २०० गुण मिळू शकतात आणि ७० पासून पुढे स्वमग्नता मानली जाते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी हा आकडा लागतो. मुलाला काय शिकवायचे हे त्यावरून ठरत नाही. ते ठरवण्यासाठी विशेष शिक्षक, वाचा-भाषा चिकित्सक, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि डॉक्टर यांनी मुलाबरोबर खरोखर वेळ घालवावा लागतो.

तुमच्या मुलाच्या हात चावण्याचे उदाहरण घेऊ. पहिला प्रश्न वैद्यकीय असला पाहिजे. दात किडला आहे का, कान दुखतो का, बद्धकोष्ठता आहे का, मध्येच शून्यात पाहत राहण्यासारखे फिटचे काही लक्षण आहे का? ज्याला ‘पोट दुखते’ असे सांगता येत नाही ते मूल हात चावून सांगू शकते, आणि मुलाचे दात व पोट न तपासता वर्तनोपचार सुरू करणाऱ्या केंद्रावर माझा विश्वास बसत नाही. शारीरिक कारण नसेल तर आईच्या हाती एक वही दिली जाते आणि प्रत्येक प्रसंगी चावण्याच्या आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर आजूबाजूच्यांनी काय केले, हे तीन रकान्यांत लिहायला सांगितले जाते. ब्रायन आयवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये बॉल्टिमोर येथे दाखवून दिले की, बाहेरून सारखेच दिसणारे स्वतःला इजा करणे एका मुलाच्या बाबतीत लक्ष वेधण्यासाठी, दुसऱ्याच्या बाबतीत नकोसे काम टाळण्यासाठी, तर तिसऱ्याच्या बाबतीत केवळ त्या संवेदनेसाठी असू शकते. उपचार या कारणावर अवलंबून असतो. लिहायला बसवल्यावर चावतो आणि चावल्यावर पाटी बाजूला ठेवली जाते, असे वहीत वारंवार दिसले, तर त्याला ‘पुरे’ असे सांगणारे चित्रकार्ड द्यायला शिकवायचे, ते कार्ड दिले की लगेच थोडी सुट्टी द्यायची आणि काम इतके छोटे करायचे की ते पूर्ण झाल्याचा आनंद त्याला मिळेल. रागावणे आणि हात बांधून ठेवणे यांमुळे त्याला ‘पुरे’ कसे म्हणावे हे कधीच कळत नाही.

येथे निवासाचा खरा उपयोग समोर येतो. घरच्यांनी प्रतिसाद बदलला की जुने वर्तन कमी होण्यापूर्वी कधी कधी काही दिवस वाढते, कारण आजवर चालत आलेली युक्ती का चालत नाही हे मूल अधिक जोर लावून पाहते. घरी एकट्याने प्रयत्न करणारी आई नेमक्या त्याच टप्प्यावर, शेजारी ऐकतात म्हणून किंवा सासूबाईंना पाहवत नाही म्हणून, माघार घेते, आणि मुलाला शिकायला मिळते ते हे की, दुप्पट जोर लावला तर मिळते. निवासी विभागात त्या दिवसांत तिच्या शेजारी प्रशिक्षित माणूस उभा असतो, मुलाला इजा होणार नाही याची काळजी घेतो आणि रात्री तिला झोपही मिळू देतो.

दुसरा उपयोग चोवीस तासांचा आहे. आठवड्यातून दोनदा पाऊण तास भेटणाऱ्या चिकित्सकाला मुलाचे जेवण, अंघोळ, शी-शू आणि झोप दिसत नाही, आणि कुटुंबाचा जीव तर तेथेच जातो. फक्त वरणभात आणि एका विशिष्ट कंपनीचे बिस्कीट खाणाऱ्या मुलाच्या ताटात दुसरी गोष्ट कशी आणायची, हे जेवणाच्या वेळी तेथे बसूनच शिकवता येते. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर सवयही तशाच शौचालयात लावली पाहिजे, हे आधी सांगून ठेवा. झोपेसाठी संध्याकाळचा ठरलेला क्रम, उजेड आणि मोबाइल बंद करण्याची वेळ, दुपारची झोप, या गोष्टी आधी आणि मेलाटोनिनसारखे औषध नंतर, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

शिकवण्याचा क्रमही पाहा. पहिले काही दिवस चिकित्सक काम करतात आणि आई पाहते. मग आई करते आणि चिकित्सक पाहतात. मग आई वडिलांना किंवा आजीला शिकवते आणि चिकित्सक केवळ ऐकतात. ही तिसरी पायरी ज्या कार्यक्रमात नाही तो अपुरा आहे, असे मी मानते. वडील पूर्ण काळ राहू शकत नसतील तर शेवटच्या आठवड्यात तरी त्यांनी यावेच, आणि आजीलाही चार दिवस आणावे, कारण आई शाळेत असताना मुलाला सांभाळणार त्या आजीच आहेत. नातवाने हात चावला की त्याला पटकन बिस्कीट देणाऱ्या आजीला दोष देऊन काहीही साधत नाही. तिला कारण समजावून सांगितले आणि दुसरे काय करायचे ते हातात दिले, तर ती सर्वांत चिकाटीने पाळते, असा माझा अनुभव आहे.

संध्याकाळी कुटुंबे एकत्र बसतात तो वेळ वेळापत्रकात फारसा महत्त्वाचा दिसत नाही, पण मला तो अमूल्य वाटतो. ज्या आईने चार वर्षांत आपल्या मुलाला एकाही लग्नाला नेलेले नाही ती प्रथमच अशा लोकांत बसते जिथे मूल ओरडले तरी कोणी मान वळवून पाहत नाही. तेथे मिळणारा धीर कोणताही चिकित्सक देऊ शकत नाही.

भाषेविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. दिल्ली, वेल्लोर किंवा सिकंदराबाद येथे काम हिंदी, इंग्रजी, तमिळ किंवा तेलुगूत चालते, आणि आपल्याकडच्या शहरांतही ‘मुलाशी फक्त इंग्रजीत बोला’ असा सल्ला पालकांना दिला जातो. दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न मुलाचे नुकसान होते असे संशोधनात आढळलेले नाही. चित्रकार्डांवर मराठी शब्द लिहून घ्या आणि आजी ज्या भाषेत त्याला हाक मारते तीच त्याची पहिली भाषा राहू द्या.

या कार्यक्रमांची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. दहा-बारा आठवड्यांत स्वमग्नता जात नाही, आणि ती वर्षभरातही जात नाही. ती मेंदूची घडण आहे. बदलते ते असे की, मूल आपली गरज कळवू लागते, इजा कमी होते, झोप सुधारते, काही कामे ते स्वतः करू लागते, आणि आईवडिलांना पुढची पायरी कशी ठरवायची हे समजते. किती बदलेल हे मुलागणिक वेगळे असते. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल ही औषधे तीव्र चिडचिड आणि आक्रमकता यांसाठी वापरली जातात, पण ती मूळ स्वमग्नतेवर काम करत नाहीत, आणि विशेषतः रिस्पेरिडोनने वजन वाढते, म्हणून वजन व रक्ततपासणीची नोंद ठेवल्याशिवाय ती चालू ठेवू नयेत. निवासी केंद्रात मूल ‘शांत झाले’ असे सांगितले गेले तर ते शिकल्याने शांत झाले की गुंगीमुळे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता तुम्हाला आलेल्या प्रस्तावाकडे वळते. ‘नॉर्मल करून देऊ’ हे आश्वासन आणि तीन महिने भेटबंदी, या दोन्ही गोष्टी माझ्यासाठी नकार देण्यास पुरेशा आहेत. भेटबंदीविषयी मी अधिक कठोर आहे. जे मूल घडलेले सांगू शकत नाही त्याच्यावर कोणी हात उचलला, त्याला कोंडले किंवा त्याचे लैंगिक शोषण केले, तर ते कळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे त्याला ओळखणाऱ्या माणसाने त्याला वारंवार, न कळवता, पाहणे. असा धोका केवळ गावाकडच्या अनधिकृत संस्थांत असतो असे समजू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील जज रोटनबर्ग सेंटर या निवासी संस्थेत स्वमग्न व्यक्तींना त्वचेवर विजेचे झटके देणारे यंत्र वापरले जात असे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये अशा वापरावर बंदी घातली, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने ती रद्दही केली. त्या उपकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांत काही पालकही होते, इतके ते आधी सर्व मार्गांनी हताश झालेले होते. म्हणून, आपण दमलेले असताना कोणता निर्णय घेतो आहोत याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

कायदाही तुमच्या बाजूने उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९ नुसार केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून, सक्षम न्यायालयाने मुलाच्या हितासाठी आदेश दिल्याखेरीज, कोणत्याही मुलाला आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही. पालकांनी स्वेच्छेने निवासी शाळेत घातलेल्या मुलाला हे कलम घरी आणत नाही, हे खरे. परंतु आईवडिलांना दूर ठेवणे ही उपचाराची अट मानणारी संस्था या कायद्याच्या आशयाविरुद्ध वागते असे मी मानते. याच अधिनियमानुसार दिव्यांगांसाठी संस्था चालवण्यास नोंदणी प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रातील संस्थेविषयी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे, आणि तेथे काम करणाऱ्या विशेष शिक्षक व चिकित्सा मानसशास्त्रज्ञांविषयी भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत, चौकशी करा. मनोरुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८७ नुसार अल्पवयीन मुलाबरोबर पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीने संपूर्ण काळ राहणे बंधनकारक आहे. अतिगंभीर रुग्णांसाठीच्या वॉर्डातही जो नियम आहे तो एखाद्या प्रशिक्षण केंद्राला अडचणीचा का वाटावा?

केंद्र पाहायला जाल तेव्हा कार्यालयात बसू नका. जेवणाच्या वेळी जा, स्वयंपाकघर आणि शौचालय पाहा, रात्री मुलांजवळ कोण असते आणि किती मुलांमागे किती माणसे असतात ते विचारा, आणि मूल चावले की तुम्ही नेमके काय करता, हा प्रश्न संचालकांना न विचारता सांभाळणाऱ्या मावशींना विचारा. तेथून घरी गेलेल्या मुलांच्या पालकांशी तुमच्या पसंतीने बोलता आले पाहिजे; संस्थेने निवडून दिलेले दोन क्रमांक पुरेसे नाहीत.

दूर राहायला जाणे अगदीच शक्य नसेल तर काय करावे, याचे उत्तर गोव्यातून मिळते. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. मुले दोन ते नऊ वर्षांची होती. प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिने, पंधरवड्यातून एकदा, पालकांना मुलाशी खेळतानाचे स्वतःचे चित्रीकरण दाखवून मार्गदर्शन केले. गोव्यातील काम ‘संगथ’ या संस्थेने केले. पालकांचा मुलाला अनुरूप प्रतिसाद वाढला आणि मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. एकत्र एका गोष्टीवर लक्ष देण्याचा काळ मात्र वाढला नाही, उलट कमी झाला. सर्व काही सुधारले असे हा अभ्यास सांगत नाही, आणि म्हणूनच मला तो विश्वासार्ह वाटतो. अशा मार्गदर्शनासाठी घर सोडावे लागत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कोणते चिकित्सक उपलब्ध आहेत ते आधी पाहा. माझ्या मते निवासाची गरज तीन परिस्थितींत असते: जवळपास कोणीच मार्गदर्शक नसणे, इजा करणारे वर्तन घरच्यांच्या आवाक्याबाहेर जाणे, किंवा मुख्य सांभाळणारी व्यक्ती पूर्ण थकून जाणे. तुमच्या पत्रावरून पहिली आणि तिसरी परिस्थिती तुमच्या घरी असावी असे वाटते, म्हणून मी कुटुंबासह राहण्याचा सल्ला देते आहे.

खर्च आणि रजा यांचा विचार आताच करा. राज्याच्या शासकीय व जिल्हा परिषद सेवेतील मातांना दिव्यांग अपत्याच्या संगोपनासाठी विशेष बालसंगोपन रजेची तरतूद आहे. त्यासाठी मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र हाती असायला हवे, म्हणून ते नसेल तर प्रथम ते काढा आणि आस्थापना शाखेत लागू असलेला शासननिर्णय मागा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून त्यात थेरपीच्या खर्चाचाही ठरावीक मर्यादेत समावेश होतो. धाकट्या मुलीला बरोबर न्यावे की आजीकडे ठेवावे, हा प्रश्न संस्थेशी बोलून ठरवा. काही ठिकाणी भावंडांना राहू देतात. ती तीन वर्षांची आहे आणि तिच्याही आईला ती दहा-बारा आठवडे मुकणार असेल, तर वडिलांनी दर पंधरवड्याला तिला भेटीस नेण्याची तयारी आधीच ठेवावी.

परतण्यापूर्वी संस्थेकडून घरासाठीची योजना मराठीत लेखी घ्या. तिच्यात रोज करायची कामे तीन-चारच असावीत, कारण वीस कामांची यादी पहिल्या आठवड्यातच कपाटावर जाते. पहिल्या महिन्यात मुलाची काही कौशल्ये मागे जातील आणि हात चावणे पुन्हा दिसेल. जागा बदलली की हे अपेक्षितच असते, वही चालू ठेवा आणि ठरलेला प्रतिसाद बदलू नका. संस्थेशी दर पंधरवड्याला फोनवर किंवा व्हिडिओवर बोलण्याची आणि सहा महिन्यांनी पुन्हा आठवडाभर जाण्याची तारीख निघण्यापूर्वीच ठरवून घ्या. मुलाच्या शाळेतील शिक्षकांना चित्रकार्डांचा एक संच द्या आणि ‘पुरे’चे कार्ड कोणते ते त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा. वर्षभराचा प्रस्ताव देणाऱ्या केंद्राला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती परत मागणारे पत्र या आठवड्यातच पोच घेऊन द्या.